‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ म्हणजे नेमके काय? कार्डावरील परदेशी व्यवहाराच्या सूचनेचा अर्थ

ओळखीच्या संकेतस्थळावर, घरबसल्या आणि तेही रुपयांत पैसे भरले असताना ‘आपल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार झाला आहे’ असा लघुसंदेश बँकेकडून आला, की ग्राहक बुचकळ्यात पडतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात असा संदेश येण्याची कारणे अनेक आहेत. घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत राहणारे संगणक अभियंते परदेशी कंपन्यांचे सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने घेतात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान उद्योजक इंटरनेटवर जाहिराती देतात. ज्या घरांतील मुले शिक्षणासाठी परदेशी गेली आहेत, तेथे वडिलांच्या खात्यावरचे पूरक कार्ड त्यांच्या खिशात असते. या सर्वांच्या भ्रमणध्वनीवर येणारा संदेश एकाच साच्याचा असतो, मात्र त्यामागचे कारण दरवेळी वेगळे असते. तो नीट वाचता आला नाही, तर ग्राहक एक तर विनाकारण कार्ड बंद करून बसतो किंवा खरी चोरी ‘नेहमीचेच असेल’ म्हणून सोडून देतो. यातील दुसरी चूक अधिक महाग पडते.

‘परदेशी’ कोण ठरवते?

कार्डाच्या प्रत्येक व्यवहारात दोन बँका असतात. एक कार्ड देणारी, म्हणजे ग्राहकाची. दुसरी विक्रेत्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी. या दोन बँकांच्या मधोमध व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळे काम करते. विक्रेत्याची नोंदणी आणि त्याची बँक भारताबाहेर असेल, तर तो व्यवहार आंतरराष्ट्रीय गणला जातो. ग्राहक त्या वेळी कल्याण स्थानकात उभा होता की सिंगापूरच्या विमानतळावर, याच्याशी त्याचा संबंध नाही. किंमत रुपयांत दिसत होती, हाही निकष नाही. इतकेच नव्हे, तर वस्तू वा सेवा कोठे मिळाली यालाही येथे महत्त्व नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१४ मध्ये घडले. उबर ही टॅक्सीसेवा त्या काळी भारतातील प्रवाशाकडून भारतातील प्रवासाचे पैसे परदेशी बँकेमार्फत घेत असे. गाडी इथली, चालक इथला, प्रवासी इथला. पण कार्डाच्या लेखी व्यवहार देशाबाहेरचा. त्यामुळे भारतीय व्यवहारांना बंधनकारक असलेली दुसरी पडताळणी तेथे होतच नसे. २२ ऑगस्ट २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून हा आडमार्ग बंद केला. भारतात दिल्या-घेतल्या जाणाऱ्या सेवांचे पैसे भारतीय बँकेमार्फत आणि भारतीय चलनातच चुकते झाले पाहिजेत, असे त्यात बजावले आणि ३१ ऑक्टोबर २०१४ पर्यंतची मुदत दिली. त्यानंतर नोव्हेंबरात उबरने पेटीएमच्या पाकिटाचा आधार घेतला. मात्र ज्या कंपन्या खरोखरच परदेशातून सेवा पुरवतात, त्यांचे व्यवहार परदेशीच राहिले आणि तसे ते आजही येतात.

संदेशात काय पाहावे?

आरंभी कार्डाचे शेवटचे चार अंक पाहावेत. घरात तीन-चार कार्डे असली, की कोणते कार्ड कोणाच्या हाती आहे हे या चार अंकांवरूनच कळते. पूरक कार्डावरील व्यवहाराची सूचना अनेकदा मूळ कार्डधारकाच्या भ्रमणध्वनीवर येते, हे अशा वेळी विसरले जाते. नौपाड्यातील वडिलांना रात्री अडीच वाजता आलेला संदेश हा न्यूयॉर्कमध्ये दुपारनंतर मुलाने विकत घेतलेल्या पुस्तकाचा असू शकतो. भारत आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांच्या घड्याळांत ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. तेव्हा अपरात्रीची वेळ हा एकटाच चोरीचा पुरावा होत नाही.

त्यानंतर विक्रेत्याचे नाव. येथेच बहुतेकांची फसगत होते. कार्डाच्या जाळ्यातून जाणाऱ्या संदेशात विक्रेत्याच्या नावासाठी पंचविसेक अक्षरांची जागा असते. त्यामुळे नावे अर्ध्यावर तुटतात, मध्येच तारांकन येते आणि दुकानाच्या लोकप्रिय नावाऐवजी मूळ कंपनीचे कागदोपत्री नाव झळकते. नावापाठोपाठ शहर आणि देशाची दोन अक्षरी खूण येऊ शकते. ‘एसजी’ म्हणजे सिंगापूर, ‘आयई’ म्हणजे आयर्लंड, ‘एनएल’ म्हणजे नेदरलँड्स. नाव अनोळखी वाटले म्हणून लगेच घाबरू नये. त्याच दिवशी आलेल्या ई-मेलमधील पावतीची रक्कम संदेशातील रकमेशी जुळते का, हे आधी ताडून पाहावे.

संदेशाचा प्रकार ओळखणे त्याहूनही महत्त्वाचे. ओटीपी देणारा संदेश म्हणजे व्यवहार अजून व्हायचा आहे. ‘रक्कम खर्च झाली’ असे सांगणारा संदेश म्हणजे तो होऊन गेला. तिसरा प्रकार नाकारलेल्या व्यवहाराचा. ‘आंतरराष्ट्रीय वापर बंद असल्याने एक डॉलरचा व्यवहार नाकारण्यात आला’ असा संदेश आला, की पैसे वाचले म्हणून ग्राहक सुटकेचा निःश्वास टाकतो. वास्तविक, ग्राहकाने स्वतः प्रयत्न केलेला नसेल, तर कार्डाचा क्रमांक कोणाच्या तरी हाती लागला आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा. चोरलेले किंवा अंदाजाने जुळवलेले क्रमांक चालतात की नाही, हे पाहण्यासाठी आधी क्षुल्लक रक्कम टाकून पाहण्याची भामट्यांची पद्धत आहे. रक्कम एक डॉलर असो वा दोन, असे कार्ड बदलून घेणेच शहाणपणाचे.

रक्कम वाढते ती का?

संदेशातील आकडा आणि महिनाअखेरीच्या विवरणपत्रातील आकडा जुळत नाही, ही तक्रारही नेहमीची. संदेश येतो तो मंजुरीच्या क्षणी. प्रत्यक्ष हिशेब त्यानंतर एक-दोन दिवसांनी, क्वचित आणखी उशिरा होतो आणि रुपयांतील दर त्या वेळचा लागतो. शिवाय परकीय चलनातील व्यवहारावर बँक आपला अधिभार लावते. बहुतेक कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. या अधिभारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर येतो. समजा, पन्नास डॉलरची खरेदी आहे आणि हिशेबासाठी एका डॉलरचा दर ९० रुपये धरला, तर मूळ रक्कम ४,५०० रुपये. साडेतीन टक्के अधिभार १५७ रुपये ५० पैसे आणि त्यावरील कर २८ रुपये ३५ पैसे. एकूण ४,६८५ रुपये ८५ पैसे. म्हणजे १८५ रुपयांचा फरक पडला, आणि तो चोरीचा नव्हे.

यावर काही विक्रेते ‘रुपयांतच पैसे भरा’ असा पर्याय पुढे करतात. परदेशातील दुकानात यंत्रावर, तसेच हॉटेल आरक्षणाच्या संकेतस्थळांवर तो हमखास दिसतो. ग्राहकाला तो सोयीचा वाटतो, परंतु त्यात चलनबदलाचा दर बँकेऐवजी विक्रेता किंवा त्याचा मध्यस्थ ठरवतो आणि तो बहुधा चढा असतो. व्यवहार परदेशीच राहिल्याने काही बँका त्यावरही सुमारे एक टक्का शुल्क घेतात. स्थानिक चलनात पैसे भरणे अधिक स्वस्त पडते, हा साधा हिशेब परदेशवारीला निघालेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हॉटेल आणि भाड्याची मोटार यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तेथे अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवली जाते आणि तिचाही संदेश येतो. विवरणपत्रात ती उतरत नाही, काही दिवसांनी आपोआप सुटते.

विसरलेली वर्गणी हे तर न ओळखलेल्या व्यवहारांमागचे अगदी साधे कारण. महिनाभर फुकट म्हणून घेतलेली सेवा दुसऱ्या महिन्यापासून पैसे कापू लागते. १ ऑक्टोबर २०२१ पासून या आवर्ती वसुलीला रिझर्व्ह बँकेने शिस्त लावली. पहिल्या नोंदणीला दुसरी पडताळणी आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला पूर्वसूचना बंधनकारक झाली. देशांतर्गत आणि सीमापार, दोन्ही प्रकारच्या आवर्ती वसुलीला हा नियम लागू करण्यात आला. पडताळणीविना वसूल होणाऱ्या रकमेची मर्यादा आरंभी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली. त्या वेळी परदेशी कंपन्यांच्या कित्येक वर्गण्या अचानक बंद पडल्या आणि ग्राहकांनी बँकांना दोष दिला. तथापि, त्यामुळे एक लाभ झाला. नोंदणी केलेल्या वर्गण्यांची यादी बँकेच्या ॲपवर पाहता येऊ लागली. अनोळखी संदेश आल्यावर पोलिसांकडे धाव घेण्यापूर्वी ही यादी पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

ओटीपी न येता पैसे गेले, हे कसे?

ग्राहकाला सर्वाधिक धक्का बसतो तो याच प्रश्नाने. ओटीपी कोणालाही सांगितला नाही, तो आलाच नाही, आणि तरीही हजारो रुपये खर्ची पडले. त्याचे उत्तर नियमांच्या रचनेतच आहे. इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना कार्डावर न दिसणाऱ्या माहितीची दुसरी पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची झाली. पण ही सक्ती परकीय चलन देशाबाहेर जात नाही अशा व्यवहारांपुरती होती. परदेशी विक्रेत्यावर भारताच्या रिझर्व्ह बँकेची हुकमत चालत नाही. तेथील अनेक संकेतस्थळे कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचे तीन अंक एवढ्यावर व्यवहार पुरा करतात. म्हणजे देशांतर्गत व्यवहारात ग्राहकाला आधी विचारले जाते, तर परदेशी व्यवहारात बहुधा नंतर कळवले जाते. येथे सूचनेचा संदेश हाच पहिला आणि एकुलता पहारेकरी असतो.

२५ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने पडताळणीविषयी नवे निर्देश काढले, त्यांत या उणिवेची दखल आहे. वारंवार न होणाऱ्या सीमापार ऑनलाइन व्यवहारांत परदेशी विक्रेत्याने वा त्याच्या बँकेने पडताळणीची विनंती केली, तर ती पुरी करण्याची यंत्रणा भारतीय बँकांनी उभारावी आणि त्यासाठी १ ऑक्टोबर २०२६ ही मुदत, असे त्यात म्हटले आहे. यातील ‘विनंती केली तर’ हे शब्द दुर्लक्षून चालणार नाही. विनंती न करणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत भिस्त पुन्हा त्या लघुसंदेशावरच.

या संदेशाची सक्तीही टप्प्याटप्प्याने आली. २००९ मध्ये पाच हजार रुपये आणि त्यावरील ऑनलाइन कार्डव्यवहारांची सूचना बंधनकारक झाली. मार्च २०११ च्या परिपत्रकाने रकमेची अट काढून सर्व प्रकारच्या कार्डव्यवहारांना ती लागू केली. तिचे मोल ऑक्टोबर २०१६ मध्ये दिसून आले. एका एटीएम सेवा कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या घातक प्रणालीमुळे देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. ग्राहक भारतात, कार्डे त्यांच्या खिशात, आणि वापर मात्र प्रामुख्याने चीन व अमेरिकेत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने दिलेल्या माहितीनुसार १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांची मिळून १ कोटी ३० लाख रुपयांची फसवणूक झाली होती. धोक्यात आलेल्या कार्डांच्या मानाने हा आकडा लहान होता.

दोन वर्षांनी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेला हल्ला याहून निराळा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्यांपैकी सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी काढण्यात आले, तर कोल्हापूरसह देशातील काही शहरांतून अडीच कोटी रुपये. चोरांनी बँकेच्या मंजुरी देणाऱ्या यंत्रणेऐवजी स्वतःचीच बनावट यंत्रणा उभी केली होती आणि तीच प्रत्येक मागणीला होकार देत होती. ठेवीदारांच्या खात्यांना झळ बसली नसल्याचे बँकेने तेव्हा स्पष्ट केले. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवले. ग्राहकाला येणारा संदेश बँकेच्या यंत्रणेतून निघतो. ती यंत्रणाच बाजूला सारली गेली, तर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. ठाणे आणि डोंबिवलीकरांना हे प्रकरण जवळचे वाटण्याचे कारण असे, की येथील बँकव्यवहारात सहकारी बँकांना मोठे स्थान आहे. टीजेएसबी, डोंबिवली नागरी, कल्याण जनता या बँका १९७० च्या दशकात याच भूमीत उभ्या राहिल्या.

२०१८ च्या अखेरपर्यंत चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यात आली, त्यामुळे कार्डाची नक्कल करणे अवघड झाले. जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने आणखी एक कुलूप बसवले. त्या नियमानुसार नवे वा बदलून दिलेले कार्ड केवळ देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रांसाठीच सुरू असते. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमधून हा खटका चोवीस तास चालू-बंद करता येतो, रकमेची मर्यादाही घालता येते. परदेशी वर्गण्यांसाठी कमी मर्यादेचे एक क्रेडिट कार्ड वेगळे ठेवावे आणि बचत खात्याच्या डेबिट कार्डावरील परदेशी वापर बंदच असावा, ही व्यवस्था सर्वांत सुटसुटीत. डेबिट कार्डावरून गेलेला पैसा खात्यातून तत्क्षणी जातो. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत बिल भरण्यापूर्वी वाद घालण्यास अवधी मिळतो.

घड्याळ सुरू झाले आहे

व्यवहार आपला नाही याची खात्री पटली, की पहिले काम कार्ड बंद करण्याचे. ते ॲपवरून किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर करावे आणि तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांतील ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा वेळी सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला एक पैसाही सोसावा लागू नये, हे त्याचे सूत्र. चार ते सात दिवसांत कळवल्यास खात्याच्या प्रकारानुसार मर्यादित तोशीस आणि त्यापुढे बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण. सूचना मिळाली तो दिवस या मोजणीत धरला जात नाही. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी, नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढावी आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर राहील, असेही त्यात नमूद होते. ओटीपी वा पिन ग्राहकानेच दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. रिझर्व्ह बँक या नियमांत वेळोवेळी फेरबदल करते, म्हणून चालू आकडे आपल्या बँकेच्या प्रसिद्ध धोरणातून पाहून घ्यावेत.

येथे एक गोष्ट उघड आहे. घड्याळ सुरू होते ते सूचना मिळाल्यापासून. भ्रमणध्वनी क्रमांक बदलला आणि तो बँकेत नोंदवला नाही, तर संदेश जुन्या क्रमांकावर जात राहतो आणि ग्राहकाला काहीच कळत नाही. निवृत्त आई-वडिलांच्या खात्यांना मुलांचा जुना क्रमांक जोडलेला असणे, हे या भागातील घराघरांत आढळेल.

बँकेपाठोपाठ १९३० या राष्ट्रीय साहाय्यवाणीवर कळवावे. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे ठाणे पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यातही नोंदवता येते. बँकेकडे वादग्रस्त व्यवहाराचा अर्ज भरताना संदेशाचे छायाचित्र, विवरणपत्र आणि त्या वेळी आपण भारतातच होतो याचा पुरावा जोडल्यास काम सुकर होते. विक्रेत्याकडून रक्कम परत मागवण्याची कार्ड कंपन्यांची मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते, तेव्हा ‘बँक बघेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी वकिलाची गरज नाही.

संदेश खराच बँकेचा आहे ना?

ग्राहकाच्या याच भीतीवर एक वेगळा धंदा चालतो. ‘आपल्या कार्डावर ४८,००० रुपयांचा परदेशी व्यवहार झाला आहे, रद्द करण्यासाठी खालील क्रमांकावर बोला’ असा बनावट संदेश येतो. घाबरलेला ग्राहक स्वतःच फोन करतो आणि व्यवहार रद्द करण्याच्या नावाखाली ओटीपी सांगून बसतो. खऱ्या संदेशाच्या माथ्यावर दहा अंकी क्रमांक नसतो, तर बँकेची सांकेतिक अक्षरे असतात. मे २०२५ पासून त्यांच्या शेवटी ‘पी’, ‘एस’, ‘टी’ किंवा ‘जी’ यांपैकी एक अक्षर येते. बँकेच्या व्यवहाराची सूचना ‘एस’ किंवा ‘टी’ची असते, ‘पी’ म्हणजे जाहिरात. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर आली आहेत आणि बँकांच्या सेवाविषयक दूरध्वनीसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवण्यात आली आहे. संदेशात दुवा असला, ॲप उतरवून घेण्यास सांगितले असले, तर तो बाजूला सारून कार्डाच्या मागील क्रमांकावरच बोलावे. व्यवहार रद्द करण्यासाठी कोणत्याही बँकेला ओटीपी लागत नाही.

नवे कार्ड हाती आले, की जुन्या कार्डावरील वर्गण्यांची यादी घेऊन बसावे लागते. ज्या सेवा हव्या आहेत, त्यांची नोंदणी नव्याने करावी लागते. परदेशी वापराचा खटका बंदच असल्याने आठ-पंधरा दिवसांत एखादा ‘व्यवहार नाकारला’ असा संदेश पुन्हा येण्याची शक्यता असते. त्यातील चार अंक नव्या कार्डाचे आहेत की जुन्या, हे तेवढे पाहावे. जुन्याचे असतील, तर बंद झालेल्या कार्डावर कोणी तरी अजून प्रयत्न करीत आहे, किंवा एखादी विसरलेली वर्गणी दार ठोठावत आहे.